परसातलं हरितगृह: छत्री, मच्छरदाणी आणि थोडी सावली

हरितगृह म्हटलं की डोळ्यांसमोर बर्फाळ देशातलं काचेचं घर येतं: बाहेर थंडी, आत ऊब. महाराष्ट्रात हे चित्र डोक्यात ठेवून काम सुरू केलं की पहिल्याच एप्रिलमध्ये रोपं उकडून निघतात. आपल्याकडे उबेची टंचाई नाही. निफाडच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री सोडल्या, तर झाडांना त्रास होतो तो कडक उन्हाचा, धो-धो पावसाचा आणि किडींचा. म्हणून इथलं हरितगृह म्हणजे वर छत्री, चहूबाजूंनी मच्छरदाणी आणि उन्हाळ्यापुरती सावली. पुढची सगळी मापं याच हिशेबाने दिली आहेत, आणि जिथे पैसा आणि हवा यांत निवड करायची वेळ येईल तिथे हवेच्या बाजूने कौल दिला आहे.

आधी आपला भाग कोणता ते बघा. कोकणात आणि घाटमाथ्याला पाऊस हाच मुख्य शत्रू, तिथे वर प्लास्टिक हवंच. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूरकडे प्लास्टिकचं छत आणि उन्हाळ्यात त्यावर शेडनेट, ही जोडी उत्तम चालते. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. तिथे ५० टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं, शेडनेट हेच एरवीचं छत ठेवावं आणि प्लास्टिक फक्त जून ते सप्टेंबर चढवावं. सांगाडा मात्र तिन्हीकडे तोच.

जागा आणि दिशा

खाली दिलेला आराखडा १० फूट रुंद आणि २० फूट लांब घराचा आहे. चारी बाजूंनी आणखी ३ फूट मोकळी जागा लागते, नाहीतर बाजूंचे प्लास्टिकचे पडदे गुंडाळायला आणि पाण्याचा चर काढायला वाव राहत नाही. कंपाउंडच्या भिंतीला चिकटवून बांधू नका. तिकडून हवा येत नाही आणि भिंत दिवसभर तापून रात्री आत उष्णता फेकत राहते.

लांबी दक्षिणोत्तर ठेवावी. मग पाइपांच्या सावल्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत सरकत राहतात आणि एकाच ओळीतली झाडं सदा अंधारात राहत नाहीत. शिवाय पश्चिमेचा वारा लांब बाजूने शिरून समोरून निघून जातो. आंबा, चिंच, नारळ यांच्याखाली बांधू नये. सावलीचा प्रश्न आहेच, पण नारळाची एक झावळी वरून पडली तरी नवा पेपर फाटतो. ('पेपर' म्हणजे २०० मायक्रॉनची पॉलिफिल्म. पॉलिहाउसवाले तिला याच नावाने ओळखतात, दुकानातही हाच शब्द चालतो.)

सांगाडा कशाचा?

बांबूचा सांगाडा स्वस्त असतो आणि दोन-तीन वर्षं टिकतो, पण जमिनीत गेलेलं टोक आधी कुजतं. त्या टोकाला डांबर लावलं तर थोडं आयुष्य वाढतं. पांढऱ्या पीव्हीसी पाइपाच्या कमानी सगळ्यात सोप्या, आणि सगळ्यात वाईट. उन्हाळ्यात तो पाइप मऊ पडून कमान बसते. शिवाय पीव्हीसीला टेकलेला पेपर तिथेच लवकर कुजून चिरतो, कारण पीव्हीसीतून सुटणारा क्लोरीनचा अंश पेपरमधल्या ऊन-रोधक द्रव्याला मारतो. एक-दोन पावसाळ्यांपेक्षा जास्त टिकवायचं असेल तर जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, म्हणजे जीआय, घ्यावा.

जीआय पाइप २० फुटी लांबीत येतो. आराखडा त्याच लांबीवर बसवला आहे, त्यामुळे कापाकापीत फारसं वाया जात नाही.

कमानींसाठी १ इंची पाइप, ६ नग. पायासाठी सव्वा इंची पाइप, २ नग. एकेका पाइपाचे ४०-४० इंचांचे ६ तुकडे, असे १२ खुंट. १ इंची पाइप सव्वा इंचीच्या आत थोडा ढिला बसतो, जोड नेमका यावरच आहे. खरेदीला जाताना दोन्हींचे तुकडे एकमेकांत घालून बघा. जाड वर्गाचा सव्वा इंची पाइप आतून अरुंद असतो आणि वेल्डिंगच्या शिवणीवर अडतो. आडवे पाइप, दार आणि टेकू यांसाठी पाऊण इंची, १० नग. पडदे गुंडाळायला अर्धा इंची, २ नग.

पेपर ५ मीटर पन्ह्याचा, १४ मीटर लांब, एकाच तुकड्यात घ्यावा. त्यातले ७ मीटर छताला जातात. उरलेल्या ७ मीटरच्या उभ्या पट्ट्या कापायच्या: ४ फुटांचे दोन पडदे, २ फुटांच्या दोन खालच्या पट्ट्या, आणि शेवटी उरलेल्या साधारण ४ फूट ४ इंचांच्या पट्टीचे दोन तुकडे टोकाच्या भिंतींना. कीडरोधक जाळी ४० मेशची (म्हणजे इंचाला ४० छिद्रांची), साधारण २८ चौरस मीटर. ५० टक्क्यांचं शेडनेट ३५ चौरस मीटर. पेपर पकडायला पन्हाळीसारखी ॲल्युमिनियमची प्रोफाइल पट्टी १४० फूट आणि तिच्यात बसणारी झिगझॅग स्प्रिंग सुमारे २४० फूट. स्प्रिंग जास्त लागते, कारण पुष्कळ ठिकाणी एकाच पट्टीत पेपर आणि जाळी अशा दोन थरांना दोन स्प्रिंगा घालाव्या लागतात. छोट्या मापाला मोठे रोल परवडत नाहीत. पॉलिहाउस उभारून देणाऱ्या ठेकेदारांकडे पेपर-जाळीचे शिल्लक तुकडे असतात, तिथे आधी विचारा.

बांधकामाचा काळा किंवा पारदर्शक साधा प्लास्टिक कागद छताला वापरू नका. त्यात ऊन-रोधक द्रव्य नसतं. काही महिन्यांतच तो पापडासारखा तडकतो आणि त्याचे तुकडे वाफ्यातून वेचत बसावं लागतं.

आखणी आणि पाया

१० बाय २० चा आयत सुतळीने आखा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २२ फूट ४ इंच भरले की आखणी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. एक कर्ण दोन इंचांनीही जास्त भरला तर पुढे पेपरला तिरकी सुरकुती पडते, आणि ती कितीही ओढून निघत नाही. या टप्प्यावर अर्धा तास जास्त घालवलेला बरा.

दोन्ही लांब बाजूंना ४-४ फुटांवर खुणा करा, म्हणजे एका बाजूला ६ खड्डे. खड्डा ९ इंच रुंद, २ फूट खोल. काळ्या मातीत एवढ्यावर थांबू नये. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खुंट वर-खाली होतात. मुरूम लागेपर्यंत खाली जा आणि जास्तीचा खड्डा मुरूम ठोकून भरा.

प्रत्येक खुंटाच्या खालच्या टोकाजवळ आरपार भोक पाडून ६ इंचांची सळई आडवी घाला. हरितगृह वजनाने खचत नाही, वाऱ्याने उपटतं, आणि त्या वेळी ही आडवी सळईच खुंटाला काँक्रीटमध्ये धरून ठेवते. खड्ड्याच्या तळाला २ इंच काँक्रीट टाकून त्यावर खुंट उभा करायचा: २२ इंच जमिनीत, १८ इंच वर. काँक्रीट १:२:४ चं. बाराही खड्ड्यांना मिळून सिमेंटच्या २ गोण्या, ५ घनफूट वाळू आणि १० घनफूट खडी पुरते. प्रत्येक खुंट ओळंब्यात घ्या, आणि सगळ्यांचे माथे पाण्याच्या नळीने एका पातळीत आणा. परस उताराचा असेल तर खुंट कमी-जास्त वर ठेवून माथे जुळवावेत, जमीन उकरत बसू नये. वरची तोंडं चिंधीने बंद करा, नाहीतर खुंट काँक्रीटच्या शिंतोड्यांनी भरतात आणि कमान आत जात नाही. ७ दिवस पाणी मारा, मगच कमानी चढवा.

कमानी

कमानी फॅब्रिकेशनवाल्याकडून रोलरवर वाकवून घ्याव्यात. घरी झाडाच्या बुंध्याला अडकवून वाकवल्या तर पाइप मध्येच चेपतो, आणि जोराच्या वाऱ्यात नेमका तिथेच मोडतो. माप असं: मधला १५ फूट ८ इंच भाग ५ फूट त्रिज्येच्या अर्धवर्तुळात, दोन्ही टोकांना २ फूट २ इंच सरळ पाय. फरशीवर खडूने अर्धवर्तुळ काढून सहाही कमानी त्यावर ठेवून तपासा.

कमानीचा पाय खुंटात ९ इंच घालायचा आणि तिथे आरपार बोल्ट मारायचा. जोडातली ढिलाई बोल्टने पूर्ण जात नाही, म्हणून आधी कमानीच्या पायाला जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळा. सगळं जमलं की मध्यावर उंची जवळजवळ ८ फूट मिळते आणि उंच माणूसही मान न वाकवता फिरतो.

आता आडवे पाइप. माथ्यावरचा एक पाइप कमानींच्या आतून बांधायचा. बाहेरून बांधला तर पेपर त्यावर टेकून दोन्हीकडे खोलगट होतो आणि पाणी साचतं. जमिनीपासून १ फुटावर आणि साडेतीन फुटांवर दोन्ही बाजूंना बाहेरून एकेक पाइप, कारण त्यांच्यावर प्रोफाइल पट्टी बसणार आहे. नुसत्या कमानींवर ती बसवली तर मधल्या ४ फुटांत पट्टी वाकते आणि स्प्रिंग सुटते. शेवटी चारी कोपऱ्यांत, टोकाच्या कमानीपासून शेजारच्या कमानीपर्यंत, तिरपा टेकू. तो वगळला तर सगळ्या कमानी पत्त्यांसारख्या एकीकडे कलतात. ही चूक सर्रास दिसते, कारण उभारणीच्या दिवशी टेकूशिवायही सगळं भक्कमच वाटतं.

जोड शक्यतो क्लॅम्प आणि नट-बोल्टने करा. वेल्डिंगने जस्त जळतं आणि त्या जागी गंज धरतो. गंजाची खरबरीत कड पेपरला कानसेसारखी घासते. वेल्डिंग केलंच तर जोड घासून त्यावर जस्ताचा रंग दोन हात द्या. बोल्टांची टोकं आतल्या बाजूला ठेवावीत. पेपर टेकणारा कमानींचा वरचा भाग पांढऱ्या रंगाने रंगवावा. पाइप उन्हात तापतो आणि तिथलाच पेपर सगळ्यांत आधी जातो. पांढरा रंग असला की पाइप कमी तापतो.

दार एका टोकाला, ३ फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच, बाहेर उघडणारं. दाराच्या आत जाळीचा एक सैल पडदा सोडा. दार उघडलं की वाऱ्याबरोबर पांढरी माशी आत येते, तिला हा दुसरा अडथळा. हा पडदा नको असेल तर ४० मेशच्या जाळीवर केलेला खर्च निम्मा पाण्यात गेला असं धरा.

जाळी आणि पेपर

क्रम महत्त्वाचा आहे: आधी खालची पट्टी, मग जाळी, मग छत, शेवटी पडदे.

खालची पट्टी १ फूट जमिनीच्या वर आणि १ फूट जमिनीत गाडलेली. पावसाचे थेंब बाहेरच्या चिखलावर आपटून आत उडतात आणि त्यांच्याबरोबर बुरशीही येते. ही पट्टी ते अडवते, आणि घूस-उंदरांनाही थोडा आवर घालते. तिच्या वर, १ फुटापासून साडेतीन फुटांपर्यंत, जाळी. टोकाच्या भिंतींना ४ फुटांपर्यंत पेपर, खालची कड जमिनीत दाबून, आणि त्याच्या वरचा सगळा गोल भाग जाळीचा. हा वरचा भाग दर टोकाला सुमारे २८ चौरस फूट भरतो. गरम हवा वर चढते आणि इथूनच बाहेर पडते. हौसेने हा गोल पेपरने बंद करणारे पुष्कळ असतात. त्यांच्याकडे दुपारी दोनला आत पाऊल ठेववत नाही.

बाजूची उघडी जाळी मिळून १०० चौरस फूट, म्हणजे जमिनीच्या निम्मी. हे जास्त वाटेल, पण ४० मेशची जाळी स्वतःच बरीच हवा अडवते, त्यामुळे मोकळ्या जागेइतका वारा तिच्यातून येत नाही. ५० मेश घेतली तर फुलकिडे थोडे कमी येतील आणि उकाडा नक्की वाढेल. घरगुती बागेला ४० च बरी.

छताचा पेपर वारा पडलेल्या सकाळी, ऊन कोवळं असताना चढवावा. गारठ्यात ताणला तर दुपारी सैल पडून फडफडतो, आणि फडफडणारा पेपर फार दिवस टिकत नाही. कडेला 'ही बाजू आत' अशा अर्थाची छपाई असेल तर ती पाळा. त्या बाजूला थेंब न धरणारा लेप असतो. उलटा बसवला तर सकाळी आत पाऊस पडल्यासारखं पाणी टपकतं. चार माणसांनी चार कोपरे धरायचे. आधी एका टोकाची कमान पक्की करायची, मग समोरून ओढून दुसरी, शेवटी दोन्ही बाजू मधून कडेकडे सरकत. स्प्रिंग एका टोकापासून डावी-उजवी हलवत बसवा. पकडीने ठोकून बसवली तर पेपरला बारीक छिद्रं पडतात.

साडेतीन फुटांवरच्या पट्टीत पकडल्यावरही पेपरची दोन्हीकडे साधारण ११ इंच झालर उरते. ती कापू नका. छतावरचं पाणी तिच्यावरून जाळीपासून दूर पडतं. पुढे-मागेही दीड-दीड फूट पेपर उरतो, तोही छज्जासारखा पुढे काढून बांधावा.

पडदे त्याच वरच्या पट्टीत बाहेरून पकडायचे. त्यांचं खालचं टोक अर्ध्या इंची पाइपाला गुंडाळून क्लिपने पक्कं करा आणि पाइपाच्या एका टोकाला वाकवलेला दांडा लावा. दांडा फिरवला की पडदा वर गुंडाळला जातो. खालून वर उघडणारा पडदा बनवायला सोपा, पण थंडीत थोडी फट हवी असेल तर गार हवा थेट रोपांच्या बुडाशी येते, हा त्याचा एक तोटा आहे.

शेवटी छतावरून नायलॉनची दोरी, दर दोन कमानींच्या मधून, इकडच्या खालच्या पाइपापासून तिकडच्या पाइपापर्यंत. वळवाच्या वादळात पेपर वाचतो तो या दोरीमुळे.

सावली

शेडनेट पेपरला चिकटवून टाकू नये, आणि आतून तर मुळीच लावू नये. आत लावलं की ऊन आधी घरात येतं आणि मग अडतं. उष्णता आतच राहते. घराच्या बाहेर ६ बांबू उभे करून, तारा ओढून, माथ्यापासून फूटभर वर नेट सपाट ताणा. मधल्या फटीतून वारा वाहतो आणि दोन्ही गार राहतात. नेट फेब्रुवारीच्या अखेरीस चढवायचं आणि पहिला चांगला पाऊस झाला की उतरवायचं. पावसाळ्यात आधीच उजेड कमी असतो. नेट वर राहिलं तर रोपं लांबुडकी, फिकट होतात आणि ढोबळी मिरची फूलच धरत नाही. ७५ टक्क्यांचं नेट शोभेच्या झाडांना ठीक, भाजीला नाही. मराठवाडा-विदर्भात फेब्रुवारी ते एप्रिल गारपिटीचा धोका असतो, तिथे हे वर ताणलेलं नेट पेपरची ढालही होतं.

वाफे आणि पाणी

मध्ये २ फुटांची वाट, दोन्हीकडे ३ फूट रुंद आणि १८ फूट लांब गादीवाफे, कडेला १ फूट मोकळं. वाफा १ फूट उंच. एका वाफ्याला ५४ घनफूट मिश्रण लागतं: ३२ घनफूट तांबडी माती, १६ घनफूट पूर्ण कुजलेलं शेणखत, ६ घनफूट भाताचं तूस. परसातली काळी चिकण माती थेट वापरू नका. छताखाली ती वरून सुकलेली दिसते आणि आत ओलीच राहते. मुळं गुदमरतात आणि मर लागते. अर्धवट कुजलेलं शेण म्हणजे हुमणीला, मुळं खाणाऱ्या अळीला, आमंत्रण.

दर वाफ्याला १ किलो निंबोळी पेंड मिसळा. पेंड सूत्रकृमींना, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींना, आवर घालते, आणि हरितगृहाची माती बिघडते ती बहुतेक वेळा त्यांच्यामुळेच. त्याच मातीत सतत टोमॅटो-मिरची-काकडी घेतली की मुळांवर गाठी येतात आणि झाडं भर पाण्यातही दुपारी माना टाकतात. उपाय दोन. वर्षातून एक हंगाम झेंडू किंवा पालेभाजी घ्यायची. आणि एप्रिल-मे महिन्यात वाफे भिजवून, पातळ पारदर्शक प्लास्टिकने कडा दाबून झाकून, ४ ते ६ आठवडे तापू द्यायचे. या काळात हरितगृह मुद्दाम बंद ठेवावं, आणि सावलीचं नेटही काढून टाकावं.

पाण्याला १६ मिलिमीटरची इनलाइन (आतच ड्रीपर बसवलेली) ठिबक नळी, दर वाफ्यावर दोन. इथे एक नेहमीची फसगत होते. डब्यावर 'ताशी २ लिटर' लिहिलेलं असतं ते साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाला. ५ फूट उंच ठेवलेल्या ड्रमला त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकाच दाब मिळतो, त्यामुळे एका छिद्रातून तासाला जेमतेम पाऊण लिटर येतं. दाब नियंत्रित करणारे ड्रीपर तर एवढ्या कमी दाबावर नीट चालतच नाहीत, म्हणून साधेच घ्या. २०० लिटरचा ड्रम, त्याच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर, आणि सकाळी एक ते दीड तास. उन्हाळ्यात ढोबळी मिरचीच्या मोठ्या झाडाला दिवसाला दीड-दोन लिटर लागतात, थंडीत त्याच्या निम्मे.

फॉगरच्या, म्हणजे धुक्यासारखे तुषार उडवणाऱ्या नोझलच्या, नादी घरगुती घरात लागू नये. चारमुखी फॉगरला ४ किलोच्या आसपास दाब लागतो, गच्चीवरच्या टाकीचा दाब त्याला पुरत नाही आणि बारीक तुषारांऐवजी थेंब गळतात. कोकणच्या दमट हवेत तर बाष्पीभवनच होत नाही, गारवा कुठून येणार? कोरड्या भागात दुपारी वाटेवर पाणी शिंपडावं आणि पश्चिमेच्या जाळीजवळ ओली गोणपाटं टांगावीत.

काय लावावं

जाळी आहे म्हणजे मधमाशी नाही, हे पीक निवडताना विसरलं जातं. काकडी लावायची तर परागीभवनाशिवाय फळ धरणारी, बिनबियांची जात. दोडका, कारलं, भोपळा आत लावले तर रोज सकाळी हाताने परागीभवन करावं लागेल. ते बाहेरच्या मांडवावरच शोभतात. टोमॅटोचं फूल स्वतःच फळतं, फक्त सकाळी १० च्या सुमारास झाडं बांधलेल्या दोऱ्यांना टिचकी मारत फिरायचं. ढोबळी मिरचीची रोपं वाफ्यात दोन ओळींत, दीड-दीड फुटावर, म्हणजे वाफ्याला २४. वेलींचं वजन टोकाच्या कमानींवर टाकू नका. वाफ्याच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र खांब रोवून त्यांच्यामध्ये तार ताणा.

छोट्या घराचा खरा फायदा मात्र पावसाळ्यातल्या कोथिंबिरीत आणि वर्षभराच्या रोपांत आहे. ९८ खाचांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून केलेली रोपं पाऊस, ऊन आणि पांढरी माशी या तिन्हींपासून वाचतात.

रोजची आणि हंगामाची देखभाल

थंडीत संध्याकाळी ५ च्या सुमारास पडदे सोडा आणि सकाळी ८ पर्यंत उघडा. उशीर झाला की रात्रभर पेपरखाली जमलेलं दव पानांवर टपकतं आणि करपा तिथूनच सुरू होतो. पावसाळ्यात ज्या बाजूने सरी येतात तेवढाच पडदा खाली, दुसरी बाजू उघडी. वादळाची चिन्हं दिसली तर मात्र दोन्ही पडदे आणि दार पूर्ण बंद करून दांडे खुंटांना बांधा. वारा एकीकडून आत शिरला आणि त्याला निघायला वाट मिळाली नाही, की छत छत्रीसारखं उलटं होतं.

पाऊस उघडल्यावर छताकडे एकदा नजर टाका. कुठे पखालीसारखा फुगवटा लोंबत असेल तर मऊ कापड गुंडाळलेल्या झाडूने खालून हळू उचलून पाणी सांडा आणि तिथली स्प्रिंग काढून पेपर पुन्हा ताणा. हे काम पुढे ढकललं तर दुसऱ्या सरीला तो भाग कायमचा ताणलेला राहतो. एक इंच पावसात या छतावरून जवळपास ४६० लिटर पाणी खाली येतं, म्हणून चारी बाजूंना फूटभर खोल उताराचा चर हवाच. तो ड्रमकडे वळवता आला तर उत्तम.

जाळी दर महिन्याला आतून बाहेर पाण्याचा फवारा मारून धुवा. धुळीने बुजलेल्या जाळीतून वारा येत नाही, आणि आपण 'यंदा उकाडा फार आहे' म्हणत राहतो. पेपर सप्टेंबरअखेर आणि फेब्रुवारीत साध्या पाण्याने, मऊ कापडाने. खराट्याने घासू नये, ओरखडे पडून तो धूसर होतो. फाटलंच तर पॉलिहाउसच्या पेपरसाठी मिळणारी टेप दोन्ही बाजूंनी लावा. साधी चिकटपट्टी आठवडाभरात निघते.

किडींसाठी झाडांच्या शेंड्याच्या उंचीवर पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांसाठी निळे, दोन-दोन पुरतात. सापळ्यावर काय चिकटतंय ते रोज बघणं हे त्यांचं अर्धं काम. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उष्णतेत पानांखाली लाल कोळी येतो; पानं खालून पाण्याने धुतली तर तो बराच आटोक्यात राहतो. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क: २५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण ५ लिटर करून संध्याकाळी फवारा. भुरीवर गंधक चालतं, पण हरितगृहात ते जपून. पेपरवर पुन्हा पुन्हा बसलेलं गंधक त्याचं आयुष्य कमी करतं आणि कडक उन्हात पानंही भाजतं.

मे महिन्यात सगळे बोल्ट आवळा, गंजलेल्या स्प्रिंगा बदला, दोऱ्या तपासा. पेपर साधारण तीन वर्षं टिकतो. तो गेला की नाही हे कमानीवरच्या घडीत कळतं: तिथे पांढुरक्या रेषा दिसू लागल्या आणि नखाने दाबल्यावर चीर गेली, तर पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका. उतरवलेला पेपर जाळू नये. धुऊन ठेवला तर उन्हाळ्यात वाफे तापवायला आणखी एक हंगाम चालतो, नव्या पातळ प्लास्टिकइतका चांगला नाही, पण चालतो.